किळस माझी, नियम शेजाऱ्याला

आमच्या सोसायटीने भाडेकरूंसाठी जे नियम छापले आहेत, त्यांत सातव्या क्रमांकावर एक ओळ आहे : ‘सदनिका केवळ शाकाहारी कुटुंबासच भाड्याने द्यावी.’ पाच वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत ती मंजूर झाली, तेव्हा वर झालेल्या हातांत माझाही हात होता. कोथरूडमधली साधी, बत्तीस फ्लॅटची सोसायटी. कुणाच्या मनात कुणाबद्दल वाईट नव्हतं. जिन्यात वास येतो एवढंच कारण सांगितलं गेलं आणि सगळ्यांना ते पटलं. गेल्या महिन्यात मी कमिटीला पत्र दिलं, की ही ओळ काढून टाका. मत का बदललं, असं दोघातिघांनी विचारलं. सभेत मिळणाऱ्या दोन मिनिटांत ते सांगता यायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर दापोलीकडचं एक कुटुंब तीन वर्षं राहिलं. नवरा चाकणला कंपनीत, ती शाळेत शिक्षिका, मुलगी तिसरीत. करार करताना त्यांनी शाकाहारी असल्याचं लिहून दिलं होतं. आता ते चिंचवडला स्वतःच्या घरात राहायला गेले आहेत, आणि ‘लिहा काकू’ असं तिने सांगितल्यावरच मी लिहायला बसले. मे महिन्यातल्या एका दुपारी तिचं कुरिअर माझ्याकडे आलं होतं, ते द्यायला वर गेले. बेल वाजवली तरी दार लवकर उघडेना. आत भांडं झाकल्याचा आवाज आला, काहीतरी सरकवल्याचा आला. मग दार उघडलं, तसा दाराच्या फटीशी गुंडाळी करून दाबलेला ओला टॉवेल दाराबरोबर फरशीवरून घासत आत गेला. सगळ्या खिडक्या बंद. पंखाही बंद. ओट्यावर वाटीत कापूर जळत होता. तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ येत होते. मुलगी खाली मांडी घालून जेवत होती. ताटात भाकरी, कांदा आणि तव्यावर भाजलेला सुका बोंबील. मला बघताच तिने ताट पाठीमागे सरकवलं.

“वास आला का हो काकू खाली?” मुलीच्या आईने विचारलं.

खाली आला नव्हता. पण त्या क्षणी दारात तो माझ्या नाकात शिरला आणि माझ्या पोटात ढवळलं. मी “नाही गं” म्हणून कुरिअर हातात दिलं आणि जिना उतरले. घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते. मळमळ खरी होती. आणि त्या आठ वर्षांच्या पोरीने ज्या सवयीच्या हाताने ताट मागे लपवलं, ते बघून मनात जे तुटलं तेही तितकंच खरं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात कशा राहतात, याचा माग काढायचा असं मी ठरवलं.

मी नारायण पेठेतल्या वाड्यात वाढले. घरात अंडंसुद्धा यायचं नाही. आजीचं सोवळं कडक. शिजवलेलं अन्न म्हणजे खरकटं, त्याचा हात दुसऱ्या डब्याला लागता कामा नये. भाजलेले पोहे चालतात, भिजवलेले चालत नाहीत. रेशमी मुकटा नेसून स्वयंपाक केलेला चालतो, धुवट सुती पातळ कुणी शिवलं की संपलं. लहानपणी एकदा शाळेतून येऊन मी तशीच आजीला जाऊन बिलगले. ती रागावली नाही. पण मला बाजूला केलं, विहिरीवर गेली, दुसऱ्यांदा आंघोळ केली आणि मग मला जवळ घेतलं. तिची माया खोटी नव्हती. पण माझ्या अंगाला बाहेरचं काहीतरी लागलं आहे आणि ते दिसत नसलं तरी आहे, हे मी त्या दिवशी शिकले. असे धडे कुणी फळ्यावर लिहून देत नाही. घरातल्यांचे चेहरे बघून मूल ते शिकतं.

पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने किळस या भावनेवर आयुष्यभर काम केलं. १९८६ साली त्याच्या गटाने केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. फळांच्या रसात एक मेलेलं, पूर्ण निर्जंतुक केलेलं झुरळ बुडवून काढलं आणि तो रस लोकांसमोर ठेवला. त्यात जंतू नाहीत हे माहीत असूनही लोकांना तो नकोसा झाला. एकदा स्पर्श झाला की तो कायमचा झाला, असं मन मानतं. रोझिनने त्याला संसर्गाचा नियम म्हटलं. मी ते वाचलं आणि मला आजी आठवली. आमच्या घरातलं सगळं सोवळं-ओवळं याच एका समजुतीवर उभं होतं : लागलं की लागलं. ही समजूत पुणेरी नाही, ब्राह्मणीही नाही, ती माणसाच्या मेंदूची आहे. शिळं, सडलेलं, विषारी तोंडात जाऊ नये म्हणून किळस आपल्याला उपयोगी पडते. पण कशाची किळस करायची, हे मेंदू जन्मतः घेऊन येत नाही. रांगतं मूल माती खातं, मुंगी तोंडात घालतं. किळस त्याला आपण शिकवतो.

गोडीही आपणच शिकवतो, आणि ती फार लवकर. फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २००१ साली दाखवून दिलं, की आईने गरोदरपणी किंवा अंगावर पाजत असताना गाजराचा रस नियमित घेतला, तर वरचं अन्न सुरू होताना बाळ गाजराच्या चवीची पेज अधिक खुशीने खातं. म्हणजे दापोलीच्या त्या मुलीच्या जिभेला सुक्या मासळीची ओळख बहुधा जन्माआधीच झाली असेल, आणि माझ्या जिभेला मेतकुटाची. वासाचं तर आणखी वेगळं आहे. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूत एका मधल्या स्थानकावरून फिरून जातात. वासाचा निरोप भावना आणि आठवणी जिथे राहतात त्या भागांपर्यंत जवळजवळ सरळ पोहोचतो. माझे वडील शेवटच्या दुखण्यात आठ दिवस काही खात नव्हते. एका सकाळी त्यांनी हाताने खूण केली. मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट. मी कालवून वाटी नाकाजवळ नेली, तसे त्यांचे डोळे भरून आले. खाल्ले दोनच घास. त्या वासात त्यांची आई होती, मळेगल्लीतलं त्यांचं घर होतं, पावसाळ्यातली सकाळ होती. माझ्या वरच्या मजल्यावर त्या दुपारी कापराच्या धुराखाली जे दडपलं जात होतं, तेही हेच होतं. कुणाची तरी आजी, कुणाचं तरी अंगण, पाऊस सुरू व्हायच्या आधी वाळवून ठेवलेली बेगमी.

इथे माझ्या मैत्रिणी मला अडवतात. त्या म्हणतात, खाण्याचं प्रेम ठीक आहे, पण आमचा शाकाहार म्हणजे काही जातपात नव्हे. ती आमची संस्कृती आहे, आणि अहिंसा आहे. दोन्ही मुद्दे गंभीरपणे घ्यायला हवेत.

संस्कृती म्हणाल तर तिचं पुण्यातलंच उदाहरण घ्या. १८९० च्या ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने गावातली प्रतिष्ठित मंडळी जमली. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. हजर असलेल्यांची नावं गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरं जावं लागलं. हायकोर्टाचा न्यायाधीश होणारा माणूस आणि देशाचा पुढारी, कपभर चहापायी! प्रश्न चहाच्या पानांचा नव्हताच. तो कुणी केला आणि कुणाच्या हातून आला, हा प्रश्न होता. आज त्याच पेठांत कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य आहे आणि पितळी भांड्यातला चहा उभ्याने घेताना कुणाच्या मनात कुणाच्या हाताचा विचार येत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांत ती किळस गेली कुठे? आपण ती विसरलो, आणि आपली संस्कृती बुडाली नाही.

आजी टोमॅटो खात नसे. लाल रस बघून तिला कसंसंच व्हायचं. माझ्या आईने तिच्या हयातीतच टोमॅटोचं सार करायला सुरुवात केली. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. म्हणून आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर कांदाभजी. नवमीला जो कांदा सणाचा, तो दोन दिवसांनी निषिद्ध, आणि कार्तिकात परत चालू. आणि उपासाच्या ताटाकडे तर नीट बघाच. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं अमेरिका खंडांतून समुद्रापार होऊन आलेलं. पोर्तुगीज यायच्या आधीच्या पुण्यातल्या माणसाला आपली एकादशीची खिचडी ओळखूच आली नसती. मला ती अतिशय प्रिय आहे, आणि पवित्रही वाटते. आपण पावित्र्य पदार्थात घालतो, ते त्यात उगवत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. अगदी मागे जायचं तर पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढची बरीच वर्षं तिथे उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वी आपल्याच मातीत शेती करणाऱ्या त्या लोकांच्या घरांत जव सापडले, आणि गाईगुरांची, शेळ्यामेंढ्यांची, हरणांची, माशांची हाडंही सापडली. मूळ आहार कोणता, हा वाद उकरायचाच असेल तर तो असा खोल जातो.

अहिंसेचा मुद्दा मी वेगळा धरते, कारण तो सच्चा असू शकतो. जीव मारायचा नाही म्हणून जो माणूस मांस सोडतो, त्याच्यापुढे मी नम्र आहे. जैन शेजाऱ्यांचं व्रत मी जवळून पाहिलं आहे. सूर्यास्तानंतर घोटभर पाणी न घेणारी माणसं ती. पण व्रत म्हणजे स्वतःवर घातलेली मर्यादा. दुसऱ्याच्या करारनाम्यात घातलेली अट म्हणजे व्रत नव्हे. आमच्या सोसायटीत भाडेकरूला कातड्याच्या चपला घालतोस का, रेशीम नेसतेस का, असं कुणी विचारत नाही. विचारतात ते ताटातलं. आणि ताटातलं विचारायच्या आधी आडनाव विचारतात. एजंट फोनवर पहिला प्रश्न तोच करतो. आडनाव ऐकल्यावर काहींना पुढचा प्रश्न येतच नाही, काहींना फ्लॅट ‘कालच गेला’ असं सांगितलं जातं. मराठवाड्यातून स्पर्धा परीक्षेच्या तयारीला आलेल्या किती मुलामुलींनी हे ऐकलं असेल, हे सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेच्या दारात पाच मिनिटं उभं राहून विचारा. ‘शाकाहारी’ हा शब्द सभ्य आहे. जात विचारणं लाजिरवाणं झाल्यापासून तो फार कामाला येतो.

मी हे हवेत बोलत नाही. २०१७ च्या सप्टेंबरात याच शहरात एका उच्चपदस्थ शास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या बाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, की जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला. गावभर आरडाओरड झाल्यावर तक्रार मागे घेतली गेली. त्या घरात शाकाहारच शिजत होता. पुरणात, वरणात काही कमी-जास्त नव्हतं. तरीही फसवणूक झाल्यासारखं वाटलं, कारण ज्या हाताने केलं तो हात ‘लागला’ होता. विज्ञानात आयुष्य घालवूनही मनातला निर्जंतुक झुरळाचा पेला तसाच राहू शकतो. म्हणूनच किळस या भावनेला मी घाबरते. ती पोटातून उठते, त्यामुळे ती खोटी असेल अशी शंकासुद्धा येत नाही. द्वेषाची निदान लाज वाटते. किळसेची वाटत नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांच्याविरुद्ध असलेल्या अनेकांच्या पोटात खरोखर ढवळलं असेल. तेवढ्याने ते बरोबर ठरत नाहीत.

राहिला वासाचा प्रश्न. मासळीचा वास उग्र असतो, हे मी नाकारत नाही. सहन होत नाही, हेही मी माझ्या पोटावरून सांगते. पण मग तळमजल्यावरच्या मेथीच्या फोडणीचं काय, दिवाळीत चार दिवस जिन्यात कोंदणाऱ्या तळणाच्या तेलाचं काय, सांडग्या मिरच्या तळल्यावर दोन मजले खोकतात त्याचं काय? त्याला आपण शेजार म्हणतो. दोन्ही वास त्याच डक्टमधून येतात, ज्याची जाळी आमच्या सोसायटीने गेल्या सहा वर्षांत साफ केलेली नाही. मी पत्रात त्याचाही खर्च मागितला आहे. एकच चूल वाटून घ्यायची असेल, घरमालक त्याच घरात राहत असेल, तर त्याने स्वतःच्या स्वयंपाकघराबद्दल अट घालणं मला समजतं. एकतीस कुटुंबांनी मिळून बत्तिसाव्याच्या बंद दारामागच्या तव्याबद्दल ठराव करणं समजत नाही.

कायदा या बाबतीत दुबळा आहे. राज्यघटनेच्या १५व्या कलमाने दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव सगळ्यांना खुले केले. भाड्याच्या घराचा तिथे उल्लेख नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व फक्त पारशी व्यक्तींपुरतं ठेवण्याचा तिचा नियम ग्राह्य धरला होता. म्हणजे कोर्ट येऊन आम्हाला सांगणार नाही. आम्हालाच हात वर करून घातलेली ओळ हात वर करून काढावी लागेल.

ही गोष्ट एका जिन्यापुरती राहत नाही, म्हणून मला जास्त काळजी वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्या मुलांना केळं. कुणावर सक्ती नव्हती. तरी विरोध झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा वेगळा पैसा थांबला; द्यायची तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावीत, असं ठरलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली होती. पैशाची कारणं असतील, मी ती नाकारत नाही. पण ज्यांच्या घरात अंडं परवडतं तरी चालत नाही, त्यांच्या शिसारीचं वजन, ज्यांच्या घरात चालतं पण परवडत नाही त्यांच्या भुकेपेक्षा जास्त भरलं, असं मला वाटतं आणि ते मला बोचतं.

या शहराला उलटंही येतं. ज्येष्ठात आषाढी वारीच्या पालख्या येतात. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. ते दोन दिवस सगळं पुणं हातात वाढप घेऊन रस्त्यावर असतं. आमच्या वाड्यातही पिठलं-भाकरीच्या पाट्या निघायच्या. आजीसुद्धा वाढायला उभी राहायची, तीच आजी. कुठलं गाव एवढंच ती वारकऱ्याला विचारायची. आडनाव विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. आणि वारीच्या शेवटी जो काला होतो तो तरी काय असतो? प्रत्येकाच्या शिदोरीतलं एकत्र कालवायचं आणि एकमेकांच्या तोंडात भरवायचं. ज्या परंपरेने आम्हाला ‘लागलं की लागलं’ शिकवलं, तिच्याच शेजारी बसून हीही परंपरा शिकवत होती. आम्ही तिला वर्षाचे दोनच दिवस दिले.

त्यांनी घर बदलायच्या आधी दापोलीच्या त्या मुलीला मी एकदा खाली जेवायला बोलावलं होतं. मेतकूट-भात केला. पहिला घास घेऊन तिने तोंड वेडंवाकडं केलं. मेथीचा कडवटपणा तिला झेपला नाही. आई तिला डोळ्यांनी दटावत होती. मी म्हटलं, राहू दे, नसेल आवडत तर. तिने वाटी बाजूला सरकवली, लपवली नाही. मग मला विचारलं, “आजी, तुम्ही बोंबील खाल्लाय कधी?” नाही म्हटलं. “वास आवडत नाही ना?” नाही, म्हटलं. “मला याचा नाही आवडत,” ती म्हणाली, आणि पोळी-भाजीकडे वळली.

सभा येत्या रविवारी आहे. ओळ निघेल की नाही, सांगता येत नाही. मी मोजते तर अकरा हात दिसतात. बोंबील मी अजूनही खाल्लेला नाही आणि या वयात खाईन असं वाटत नाही. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टकडे उघडते. तिची कडी जुनी झाली होती, नीट लागत नव्हती. पत्र दिलं त्याच आठवड्यात सुताराला बोलावून नवी बसवून घेतली.